एका अक्षराची हाक

नांदेडला निमंत्रित संघांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमचा नांदेड-लातूर संयुक्त संघ सोलापूरच्या संघाकडून एका गुणाने हरला. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. हिवाळा संपत आला होता. शेवटचा चेंडू आमच्या ताब्यात होता. आमचा गार्ड व्यंकट याने तो रिंगसमोरच्या फ्री थ्रोच्या रेघेवर टाकला. तिथे कोणीही नव्हते. चेंडू मैदानाबाहेर गेला आणि वेळ संपली.

त्या रेघेवर मी यायला हवे होते, असे व्यंकटचे म्हणणे होते. त्यानेच मला जागेवर थांबायला सांगितले, असे माझे म्हणणे होते. त्यानंतर सात वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

यंदा मी एका सरकारी खात्यातून निवृत्त झालो. हुद्दा लिपिकाचा होता, पण नोकरी मिळाली ती बास्केटबॉलमुळे. ही व्यवस्था अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचे तर एखाद्या सरकारी खात्यात किंवा मोठ्या कारखान्यात खेळाडू म्हणून भरती व्हावे लागते. सकाळी सराव, मग हजेरीपुरते कार्यालय, संध्याकाळी पुन्हा सराव. वर्षातले काही महिने रेल्वेच्या डब्यात आणि स्पर्धेच्या गावांमध्ये जातात. गुडघे धड आहेत तोवर खेळायचे. गुडघे गेले की खुर्चीवर बसून उरलेली नोकरी पुरी करायची. मी चौदा वर्षे खेळलो. बाकीची खुर्चीवर गेली.

निलंग्याकडच्या आमच्या गावात हे समजावून सांगणे सोपे नव्हते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या बौद्ध वस्तीत नोकरी ही शिकून, परीक्षा देऊन मिळवायची गोष्ट होती आणि वडिलांनी ती तशीच मिळवली होती. माझा भरतीचा आदेश त्यांनी दोनदा वाचला.

"हे सगळं ठीक हाय," ते म्हणाले. "पण तुला काम काय दिलंय?"

"खेळायचं."

"ते झालं. काम काय?"

कार्यालयातही हाच प्रश्न होता. तो साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सोडवला. माझी उंची सहा फूट चार इंच. अभिलेख कक्षातल्या सर्वांत वरच्या फळीवरच्या फायली काढायला शिडी लागत असे आणि शिडी दुसऱ्या विभागाची होती. मी आलो आणि ती परत पाठवण्यात आली. खात्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेतले पदक आणल्यावर माझा सत्कार झाला. सत्कार संपताच बडे बाबू म्हणाले, "आता उभेच आहात तर तेवढं वरचं बासन काढा."

पण ही नोकरी मुळात माझ्यासाठी निघालेली नव्हती. नागपूरहून खात्याचे प्रशिक्षक नांदेडला आले होते ते व्यंकटला पाहायला.

व्यंकट देगलूरचा. उंची पाच फूट सहा इंच, तीही केस धरून, असे आम्ही म्हणायचो. त्याच्या वडिलांचे देगलूरला पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचे दुकान होते. दुकानात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी चारही चालत. घरात आईची तेलुगू होती. तो नांदेडला शिकायला आला तो बास्केटबॉलसाठीच, हे त्याच्या वडिलांना तिसऱ्या वर्षी कळले.

आमची ओळख भोकरला झाली. नांदेड आणि लातूरच्या मुलांचा एकत्र संघ करायचे ठरले होते आणि तो जुळतो का हे पाहायला भोकरच्या बाजार समितीच्या आवारात एक प्रदर्शनी सामना ठेवला होता. खांब आणि रिंगा गावातल्याच वेल्डरने केल्या. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर लागते, हे त्याला सांगितले होते. त्याने दहा फूट मोजले ते खांबाच्या बुडापासून. बूड हातभर खड्ड्यात गेले. सामना सुरू होऊन पहिली उडी मारेपर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्या उडीत माझे मनगट रिंगच्या वर गेले आणि चेंडू वरून खाली कोंबता आला. तोवर मी हे कधी केले नव्हते. त्यानंतरही नियमाच्या उंचीवर मोजक्याच वेळा जमले.

भोकरकरांना तेवढेच पाहायचे होते. आयोजक मैदानात येऊन म्हणाले, "पाव्हणं, अजून एक डाव दाखवा की. मागच्या लोकायला दिसलं न्हाई."

व्यंकट जवळून पळता पळता म्हणाला, "खांब्या, आज दाखवून घे. उद्या रिंग वर जाईल, तू हितंच राहशील."

खांब्या हे नाव तेव्हापासून पडले.

त्या सामन्यात आम्ही एक पद्धत बसवली. ती समजण्यासाठी सेंटरचे काम काय असते हे सांगायला हवे. सेंटर म्हणजे संघातला उंच माणूस. तो रिंगखाली उभा राहतो. त्याची नजर वर असते, कारण हुकलेला चेंडू कोणत्या बाजूला उडेल हे सांगता येत नाही. अंगावर समोरच्या संघातले एक-दोघे रेललेले असतात. मान वळवायला जावे तर चेंडू डोक्यावरून जातो. त्यामुळे मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. ते गार्ड सांगतो. चेंडू गार्डच्या हातात असतो आणि सारे मैदान त्याच्या नजरेत असते. आमचे प्रशिक्षक कादरी सर रोज एकच वाक्य सांगायचे, "खांब, तेरा काम कान का है. आंखां ऊपर, कान पीछे."

व्यंकट बोलायचा खूप, पण खेळताना हाकेवर त्याचा विश्वास नव्हता. हाक समोरच्या संघालाही कळते, असे तो म्हणे. म्हणून त्याने थापा ठरवल्या. मांडीवर दोन थापा म्हणजे वर ये, फ्री थ्रोच्या रेघेवर. एक थाप म्हणजे जागेवर थांब. त्याची मांडी वाजायचीही चांगली. भोकरला, नंतर उदगीरला, मग नांदेडच्या साखळी सामन्यांत आम्ही त्या थापांवर खेळलो. मी मागे न बघता रेघेवर जायचो आणि चेंडू तिथे आलेला असायचा. पुढे चौदा वर्षे मी अनेक गार्डांबरोबर खेळलो. तसा चेंडू पुन्हा हातात आला नाही.

नांदेडचे मैदान मुरमाचे होते. पहाटे कादरी सर स्वतः उभे राहून त्यावर पाणी मारून घेत, मग रूळ फिरे, मग चुन्याच्या रेघा. उत्तरार्धापर्यंत निम्म्या रेघा खेळाडूंच्या बुटांना आणि गुडघ्यांना लागून गेलेल्या असत. चेंडू बाहेर गेला की आत राहिला यावर वाद झाला तर सर वाकून, बोटाने मुरूम चाचपून निर्णय देत. आता तिथे सिंथेटिक मैदान आहे. मुरमाचा वास आणि ओल्या चुन्याने तळहाताला पडणाऱ्या चिरा, एवढेच माझ्याकडे त्या मैदानाचे उरले आहे.

अंतिम सामन्याला गर्दी झाली होती. खात्याचे प्रशिक्षक पंचांच्या टेबलामागे बसले होते. त्यांना गार्ड हवा होता, जागा एकच होती, हे आमच्या संघात प्रत्येकाला माहीत होते. व्यंकटने आदल्या दिवशी बूट धुऊन उन्हात ठेवले होते. त्याचे वडील दुकान बंद ठेवून देगलूरहून आले होते. दुकान बंद राहिल्याचे व्यंकटच्या आठवणीत ते पहिलेच होते. नोकरी मिळाली नाही तर उन्हाळ्यानंतर दुकानात बसायचे, असा वडिलांशी त्याचा करार होता.

सामन्याच्या उत्तरार्धात कोणीतरी हलगी आणली. शेवटची दोन-तीन मिनिटे ती थांबली नाही. आम्ही एका गुणाने मागे होतो. आमच्यातल्या एकाने टाकलेला चेंडू रिंगवर आपटून लांब उडाला आणि डाव्या कोपऱ्यात व्यंकटच्या हातात गेला. मी रिंगखाली होतो. नजर वर होती. माझ्या पाठीला सोलापूरचा सेंटर टेकलेला होता. व्यंकटने थापा दिल्या असतील तर हलगीत त्या बुडाल्या. मग त्याने हाक मारली. त्याने खेळताना मारलेली ती माझ्या माहितीतली पहिली हाक.

"रा! रा!"

मी राहिलो.

माझ्या गावात 'रा' म्हणजे राहा. गप रा, उभा रा, घरीच रा. त्याखेरीज दुसरा अर्थ मी ऐकलेला नव्हता. पाय जमिनीत रोवून मी तिथेच उभा राहिलो आणि व्यंकट आता स्वतः चेंडू टाकणार, असे समजलो. चेंडू रेघेवर गेला, तिथून पुढे, गर्दीत.

कादरी सरांनी आम्हा दोघांना कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसवले. सरांचे बोलणे नांदेडच्या जुन्या वस्तीतले, अर्धे दखनी, अर्धे मराठी.

"तू क्या बोला?" त्यांनी व्यंकटला विचारले.

"रा म्हणालो, सर. दोनदा म्हणालो."

"और खांब, तू क्या सुना?"

"रा. दोनदा."

सर म्हणाले, "बोला वहीच, सुना वहीच. फिर गडबड किधर की?" सर उठले. "दोनों में से एक झूठ बोल रा," ते म्हणाले आणि खात्याच्या प्रशिक्षकांना चहाला घेऊन गेले.

सर गेल्यावर व्यंकट म्हणाला, "एक नोकरी होती. तुला पाहिजे होती तर तोंडानं सांगायचं होतं खांब्या. खांबासारखं उभं राहून कशाला?"

"तूच थांबवलंस मला. शेवटचा बॉल स्वतःला टाकायचा होता. साहेब बघत होते ना."

"मी थांबवलं?"

"मग कोणी?"

तो ओट्यावरून उतरला. त्याचे वडील फाटकापाशी उभे होते. दोघे एसटी स्टँडकडे गेले.

पास चुकला की तो गार्डच्या नावावर लागतो. पुढच्या महिन्यात खात्याने गार्ड घेतला तो सोलापूरच्या संघातला. त्याच सुमारास खात्याच्या संघाचा सेंटर गुडघ्याच्या दुखापतीने बसला, म्हणून मला बोलावणे आले. व्यंकट उन्हाळ्यानंतर दुकानात बसला.

मी नागपूरला गेलो. नोकरीतली पहिली वर्षे चांगली होती. आमच्या संघात पंजाबचे दोघे होते, केरळचा एक, बाकी विदर्भाचे. प्रवासात मी पाय पसरू शकेन असा बर्थ कोणत्याही डब्यात नव्हता; मी रात्री दाराशी सतरंजी टाकून झोपायचो आणि पहाटे चहावाला माझ्या पायांना अडखळून सगळ्या डब्याला उठवायचा. एका गावी यजमानांनी आमची सोय मंगल कार्यालयात केली होती. तिथे त्याच दिवशी लग्न निघाले. वधूपक्षाने आम्हाला वरपक्षाचे समजून जेवू घातले आणि वरपक्षाने वधूपक्षाचे समजून. संध्याकाळचा सामना आम्ही पोटामुळे हरलो. लातूरला सुट्टीवर आलो की जुने मित्र भेटत आणि देगलूरचा विषय टाळत. व्यंकट गावात काय सांगतो हे माझ्यापर्यंत येत होते. निलंग्याच्या खांबाने मुद्दाम पाय हलवला नाही, असे तो सांगत होता. मीही विचारणाऱ्याला माझी बाजू सांगत होतो.

सातव्या वर्षी आम्ही निजामाबादला एका स्पर्धेसाठी गेलो. सामना संध्याकाळी होता. सकाळी मी उतरलो होतो त्या लॉजसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. हॉटेल चालवणाऱ्या बाईचे मूल नुकते चालायला लागले होते. ते माझ्या बाकाला धरून उभे होते. बाई भट्टीपाशी बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "रा बिड्डा, रा."

मूल बाक सोडून तिच्याकडे गेले.

ती पुन्हा म्हणाली, मूल अर्ध्यात बसले होते म्हणून. ते उठून पुढे गेले. मी चहावाल्या पोऱ्याला विचारावे म्हणून वळलो, पण विचारायची गरज राहिली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाला तरीही विचारले. तो म्हणाला, "रा म्हणजे आओ. छोट्याला, अपनेवाले को बोलते."

आमच्या निलंग्याकडे कानडी ऐकू येते. कानडीतले 'बा' मला कळले असते. तेलुगू आमच्यापर्यंत येत नाही. आणि व्यंकटला आपण तेलुगूत हाक मारली हे माहीतच नव्हते. देगलूरमध्ये त्याच्या गल्लीत कोणी 'ये' म्हणे, कोणी 'रा', कोणी 'बा'. ज्याला बोलावले तो येत असे. कोणता शब्द कोणत्या भाषेतला, हे वेगळे करायची तिथे कोणाला गरज पडली नव्हती.

संध्याकाळचा सामना खेळून दुसऱ्या दिवशी मी संघाबरोबर नागपूरला न जाता बोधनला बस बदलून देगलूरला गेलो.

दुकान भर बाजारात होते. व्यंकट गल्ल्यावर होता. वडील वारले होते हे मला भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून कळले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि गिऱ्हाइकाला विचारावे तसे विचारले, "काय पाहिजे? दोन इंची का अडीच?"

"पाइप नको."

"मग जरा बाजूला व्हा. मागं गिऱ्हाईक हाय."

मागे एक शेतकरी खरोखरच उभा होता. त्याने मोटारीची काहीतरी तक्रार सांगितली. ती पाच-सात मिनिटे चालली. मी पाइपांच्या बाजूला उभा राहिलो.

"अजून हितंच का?" व्यंकट म्हणाला.

"तू रा म्हणालास."

"हाव. म्हणालो. सात वर्सं म्हणून राहिलो. आन् तू ऐकलं न्हाईस."

"ऐकलं. म्हणून तर राहिलो."

त्याने मान वर केली नाही. हातातला वॉशर फिरवत राहिला.

"आमच्याकडं रा म्हणजे राहा," मी म्हणालो. "तुमच्याकडं रा म्हणजे ये. काल निजामाबादला कळलं."

शेतकरी गेलेला नव्हता. तो मध्येच म्हणाला, "अन् ते मोटारीचं काय करता?"

"थांब रे," व्यंकट त्याला म्हणाला. दुकानामागेच घर होते. आवाज ऐकून त्याची आई आतल्या दारात आली. तिने मला ओळखले नाही, पण उन्हात उभा असलेला पाहिले. ती मला म्हणाली, "लोपलिकि रा, बिड्डा."

व्यंकट म्हणाला, "जा की आता. का अजून राहतोस?"

मी आत गेलो. त्याच्या आईने पाणी दिले, मग जेवायला वाढले. व्यंकट शेतकऱ्याला वाटेला लावून आला आणि समोर बसला, पण जेवला नाही.

"सात वर्सं गावाला सांगत आलो, तू मुद्दाम थांबलास म्हणून," तो म्हणाला. "बाप मरेस्तोवर त्येच समजून राहिला. आता काय सांगू? मायच्या भाषेनं नोकरी गेली म्हणून?"

आई मराठी समजत होती. ती चुलीकडे वळली होती. व्यंकटने आवाज खाली आणला.

"तुझ्यावर राग होता तवर बरं चाललं होतं, खांब्या. राग कुणावर तरी पाहिजे."

मी त्याला पुढच्या महिन्यात नांदेडला होणाऱ्या प्रदर्शनी सामन्याला यायला सांगितले. तो म्हणाला, "बघू." तो आला नाही. त्या अंतिम सामन्यानंतर तो कोणत्याही मैदानावर उतरलेला नव्हता, हे मला नंतर कादरी सरांकडून कळले.

सरांना मी तेव्हाच सगळे सांगितले होते. ते खूप वेळ हसले, मग गंभीर झाले. "मैं भी बोला था ना, झूठ बोल रा," ते म्हणाले. "तीन आदमी, तीन रा. एक का भी माना दूसरे को मालूम नहीं." माना म्हणजे अर्थ, आणि त्यांच्या दखनीत 'बोल रा' म्हणजे बोलतो आहे. मग त्यांनी जुन्या खेळाडूंच्या सामन्याला दर वर्षी व्यंकटला बोलावण्याचे काम माझ्याकडे दिले.

खात्याच्या संघात मी ती हाक सुरू केली. रा म्हणजे ये. पंजाबी आणि केरळी खेळाडूंनाही ती सोपी पडली आणि उत्तरेकडच्या संघांना दोन हंगाम तिचा पत्ता लागला नाही. तिसऱ्या हंगामात हैदराबादच्या संघाशी गाठ पडली. आमच्या गार्डने "रा" म्हटले आणि त्यांचे दोघे माझ्याआधी रेघेवर पोहोचले. त्यानंतर आम्ही थापांवर गेलो.

पस्तिशीच्या आत गुडघे गेले. खात्याने माझी लातूरच्या कार्यालयात बदली केली. तिथे पोटमाळ्यावरच्या फायली होत्या. संध्याकाळी एका स्थानिक दैनिकाच्या क्रीडा पानासाठी मी निकाल लिहू लागलो. खात्री झालेले तेवढेच लिहायचे, ही सवय तिथे लागली. सामना कोणी जिंकला, किती फरकाने, शेवटचा चेंडू कोणाच्या हातात होता. शेवटचा चेंडू का चुकला, याला त्या पानावर जागा नसे.

व्यंकटशी बोलणे सुरू झाले होते. तो लातूरला माल न्यायला आला की घरी येई. माझ्या मुलीच्या लग्नात तो दोन दिवस राहिला आणि मांडवाच्या खांबांवरून माझ्या नावाने इतके विनोद केले की व्याही मला खांबेसाहेब म्हणू लागले. बास्केटबॉलवर तो बोलत असे, सामने टीव्हीवर पाहत असे, आजचे गार्ड तोंडाने फार खेळतात अशी त्याची तक्रार असे. पण दर दिवाळीआधी नांदेडला जुन्या खेळाडूंचा सामना होई आणि दर वर्षी मी फोन करी, तेव्हा उत्तर ठरलेले असे.

"दुकान हाय."

"एक दिवस बंद ठेव."

"एकदा ठेवलं होतं बापानं."

मग तो फोन ठेवून देई.

तीन वर्षांपूर्वी त्याची आई गेली. मी देगलूरला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. आत त्याची नातवंडे खेळत होती, मराठीत भांडत होती. तो म्हणाला, "आता घरात तसं बोलवणारं कुणी उरलं न्हाई. पोरं 'ये' म्हणतेत." थोड्या वेळाने म्हणाला, "तुला माय दरवेळी विचारायची. त्यो उंच पोरगा जेवला का."

यंदा माझ्या निवृत्तीनंतरचा सामना म्हणून कादरी सरांनी स्वतः सगळ्यांना फोन केले. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघ्यांमुळे उभे राहता येत नाही, पण पंच दुसरा कोणी नको, असे त्यांनी सांगितले. मैदानाच्या मध्यरेषेजवळ खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून ते बसले. व्यंकटला मीही फोन केला होता. तो म्हणाला होता, "दुकान हाय."

पूर्वार्ध संपला तेव्हा तो फाटकातून आत आला. हातात पाइप कंपनीची जाहिरात छापलेली पिशवी होती. तिच्यात कॅनव्हासचे बूट होते, नवे, आतला कागद अजून न काढलेले. दुकान मुलावर सोपवले, असे तो म्हणाला. कादरी सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "देर क्यों?"

"बस उशिरा निघाली, सर."

"सदतीस साल?"

व्यंकटने बूट घातले. सरांनी त्याला आमच्या संघात दिले.

उत्तरार्धात तो फारसा पळाला नाही. कोणीच पळत नव्हते. समोरच्या संघात माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असलेले दोघे होते आणि तेवढ्या फरकावर ते आम्हाला भारी पडत होते. व्यंकटने दोनदा मांडीवर थापा दिल्या. त्या मला ऐकू आल्या नाहीत, कारण आता माझा एक कान कमी ऐकतो. दुसऱ्यांदा चेंडू रेघेवरून निघून गेला तेव्हा त्याने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. मी कानाकडे बोट दाखवले. त्याने मान हलवली.

शेवटच्या मिनिटाला चेंडू पुन्हा डाव्या कोपऱ्यात त्याच्या हातात गेला. मी रिंगखाली होतो. नजर वर होती. मागून आवाज आला.

"रा!"

मी रेघेवर गेलो. चेंडू तिथे आला होता. तो हातात बसला. मी वळलो आणि रिंगकडे निघालो. गुडघा लगेच थांबू देत नाही, त्यामुळे चेंडू न आपटता मी चार पावले टाकली. कादरी सरांनी शिट्टी वाजवली आणि दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून खूण केली: ट्रॅव्हलिंग.

व्यंकट खुर्चीपाशी गेला. आधी मराठीत, मग तेलुगूत त्याने दाद मागितली.

"तू रा बोला, वो आया, ये ठीक," कादरी सर म्हणाले. "चार कदम चल के आ रा, ये नक्को."

निर्णय कायम राहिला.